गुलाबाची जागा अजून ठरायची आहे

इंदिरानगर, नाशिक
माघ शुद्ध सप्तमी (तुझ्या कॅलेंडरात जी तारीख असेल ती)

तीर्थस्वरूप साधनाताईच्या चरणी त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मानसिक).

तुझी प्रकृती उत्तम असणारच, नसती तर "लावलास का रे गुलाब?" असं दिवसाआड फोनवर दरडावणं तुला झेपलं नसतं. भावोजींचा गुडघा कसा आहे? देवळाली कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की गुडघा दुखतो, की गुडघा दुखला की ते तोफांना बोल लावतात, हा कार्यकारणभाव अजून सिद्ध व्हायचा आहे. असो. पत्रास कारण एक गंभीर तक्रार आहे. माझा चहा कडू झाला आहे.

याचं मूळ तुझ्या गुलाबात आहे. भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर तू ते हायब्रिड टी जातीच्या गुलाबाचं कलम माझ्या हातात ठेवलंस आणि आमच्या सौ. प्रतिभाला म्हणालीस, गुलाबाला चहाचा चोथा फार मानवतो. झालं. चोथा भरपूर निघावा म्हणून ती तेव्हापासून पावडर अशी सढळ हाताने घालते की चमचा उभा राहावा. (रोप अजून पिशवीतच आहे. म्हणजे बारसं व्हायच्या आधी उष्टावण.) तुझी भाची संध्या त्याच आठवड्यात नोकरीसाठी बंगळूरला गेली, त्यामुळे कडू चहा वाटून घ्यायला तिसरं माणूसही घरात नाही.

आता जागेविषयी. सहा तास ऊन, पाणी न साचणारी माती, खेळती हवा आणि कलमाचा डोळा भरलेली गाठ मातीच्या वर, ही तू सांगितलेली सगळी लक्षणं मी पाठ केली. (पाठांतर हा आपल्या घराण्याचा एकमेव पराक्रम.) अडचण अंगणाची आहे. एका बाजूने शेजारची नवी इमारत सावली टाकते, दुसऱ्या बाजूने आंबा. ऊन आमच्याकडे घाईतल्या पाहुण्यासारखं येतं आणि चपला न काढता निघून जातं. माझा पक्ष फाटकाजवळच्या कोपऱ्याचा. प्रतिभाने त्याचं खंडन केलं ते असं: एक, दारासमोर काटेरी झाड नको. दोन, पहाटे फिरायला निघणारी सभ्य मंडळी कुंपणावरून आकडीने दुसऱ्याची फुलं ओढून आपल्या देवांना वाहतात. हे म्हणताना तिने आमच्या देव्हाऱ्यातल्या जास्वंदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या अंगणात जास्वंदीचं झाड नाही. मी तो मुद्दा पुढे ताणला नाही.

तिचा पक्ष मागच्या धुण्याच्या दगडाजवळचा. तिथे ऊन आहे, कबूल. पण साबणाचं पाणीही आहे, आणि वर साड्या वाळत असतात. मी म्हटलं, "तुझा पदर अडकेल काट्यात." तर म्हणते, "सोडवायला तुम्ही आहात ना!" ताई, इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे ऐकून मी पुढचा मुद्दाच विसरलो. वादात प्रतिपक्षाने असली अस्त्रं वापरू नयेत असा नियम कुठेतरी असायला हवा होता.

मग मी प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळलो. ऊन जिथे जिथे पडेल तिथे रांगोळीने गोल काढायचा, म्हणजे वादच मिटला. प्रतिभा म्हणाली, तुमचे गोल लबाड असतात. आणि तिने आपले वेगळे काढले. वेगळे ओळखू यावेत म्हणून हळदकुंकवाने. संध्याकाळपर्यंत सबंध अंगण पांढऱ्या-पिवळ्या-लाल वर्तुळांनी भरलं, मधोमध काळ्या पिशवीतलं काटेरी रोप, आणि शेजारी लिंबाच्या लोणच्याची बरणी. (तिलाही ऊन हवं असतं.) दुसऱ्या दिवशी दूधवाला आत आलाच नाही, पिशव्या फाटकाबाहेर ठेवून, लांबूनच हात जोडून गेला. समोरची रूपाली कुंपणापलीकडून हळूच म्हणाली, "काका, घरात सगळं ठीक आहे ना? सासूबाई म्हणतात, ओळखीचे एक गुरुजी आहेत, उतारा करून देतात." जन्मभर पोरांना संस्कृत शिकवून गल्लीत मी ही प्रतिष्ठा कमावली.

भांडी घासायला येणारी अंबूबाई तेवढी घाबरली नाही. गोल ओलांडत म्हणाली, "काका, संध्याताईला येवढ्या लांब धाडायचं झटक्यात ठरवलंत तुमी. ह्या काटकीलाच लय येळ लागतोय की!" मी उगाच रोपाची पिशवी सरळ केली. प्रतिभा आत गेली.

आता मुळं पिशवीच्या तळातून डोकावू लागली आहेत, खालची दोन पानं पिवळी पडली आहेत. होळीच्या आत रोप जमिनीत गेलं नाही तर उन्हाळ्यात ते जगणार नाही, हे तू फोनवर ओरडून सांगितलंस ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं. (म्हणून हे पत्र.) लवकरच निकाल लागेल. निश्चिंत असावे.

तुझा (गुलाब वगळता) आज्ञाधारक धाकटा भाऊ,
त्र्यंबक

ता. क. निश्चिंत असावे, हे वर लिहिलं ते खोटं आहे. काल मी हार मानली. म्हटलं, तुझीच जागा बरोबर, कुदळ आणतो. प्रतिभा चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "पण साबणाच्या पाण्याचं काय? त्यापेक्षा फाटकाजवळच बरं होतं, मी म्हणते." मी लगेच दारासमोरच्या काट्यांचा दोष काढला. सध्या मी तिच्या बाजूने भांडतो आहे आणि ती माझ्या.

ता. क. दुसरा. रविवारी ये. तिसरीच कुठलीतरी जागा काढ, आम्हा दोघांना रागाव आणि रोप लावून टाक. मरायला नको बिचारं. मात्र येताना आणखी एक घेऊन ये, ज्याला ऊन हवं की सावली हे कोणालाच नक्की सांगता येत नाही असं. संध्या गेल्यावर पहिले काही दिवस आम्ही "वाढू का?" आणि "पुरे" एवढंच बोलत होतो. टीव्ही चालू असायचा, बघत कोणीच नसायचं. या गुलाबापायी आम्ही रोज पायरीवर बसून भांडतो, आणि भांडताना दुसरा चहा होतो. कडू असतो, पण असू दे. गुलाब लावून झाला की आम्ही दोघं काय बोलणार, हे मला ठाऊक नाही. त्याची भीती वाटते, ताई.