बिनमिठाचे डबे

प्रिय दादा,

माझे डबे अजून तुझ्याकडेच आहेत. क्लिपवाले, स्टीलचे. झाकणावर चिकटपट्टी लावून मी पेनाने ‘दादा’ लिहिलं होतं, घाईत तुझा डबा इस्पितळात आणि मास्तरांचा तुझ्या दुकानात जाऊ नये म्हणून. स्वयंपाक दोघांचा सारखाच असायचा. तेल नाही, तिखट नाही, मीठ नावाला. तरी मी डबे वेगळे ठेवायचे. दोन आजारी माणसं आहेत, दोघांचं वेगवेगळं लक्ष ठेवायला हवं, असं मला वाटायचं.

मास्तर बरे आहेत. म्हणजे जेवढे बरे म्हणता येतील तेवढे. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. डॉक्टर शाळेत जाऊ देत नाहीत म्हणून शेजारची दोन मुलं घरी बोलावून भूमिती शिकवतात आणि दमले की मुलांनाच दटावतात, जसं काही मुलंच दमली आहेत. लग्नाच्या दिवशी तू माझ्या नवऱ्याला ‘मास्तर’ म्हणालास, ते नाव असं चिकटलं की वॉर्डातल्या नर्सही तेच म्हणायला लागल्या होत्या. तुझी आठवण काढतात. ‘तुझ्या भावाची तब्येत कशी आहे आता?’ असं परवा विचारलं त्यांनी. मी ‘ठणठणीत’ म्हटलं आणि भांडी घासायला आत गेले.

गेल्या वर्षीचं ते आपलं जेवणाचं टेबल आठवतं का रे? डॉक्टरांनी सांगितलं होतं की मास्तरांच्या शरीरातल्या राखणदार पेशीच त्यांच्या लिव्हरवर उलटल्या आहेत. औषधांनी आवरल्या नाहीत तर कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल. माझा रक्तगट जुळत नव्हता. तू पाण्याचा पेला खाली ठेवलास आणि म्हणालास, ‘माझं घ्या. नाहीतरी उंदीरवालीने सांगितलंय की ते परत वाढतं.’ वहिनीचा चेहरा उतरला होता. मी मात्र त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोपले.

उंदीरवाली. प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून तू मला हेच म्हणत आलास. उंदरांच्या लिव्हरला इजा करायची आणि ती कशी भरून येते ते बघत बसायचं, याला कोणी पगार देतं, यावर तुझा विश्वासच बसायचा नाही. त्याच टेबलावर तू मला विचारलंस की ते एन्झाइम म्हणजे काय प्रकरण आहे, रिपोर्ट आला की सगळे तोच आकडा का बघतात. मी तुला कारखान्याचं उदाहरण दिलं. कामगार भिंतीच्या आत असतात तोवर काम नीट चाललेलं असतं. भिंत फुटली की ते रस्त्यावर येतात. रक्त म्हणजे रस्ता. रस्त्यावर गर्दी दिसली की समजायचं, आत कुठेतरी भिंत फुटली आहे. तू मान डोलावलीस. इतकं मन लावून माझं काम तू कधीच ऐकलं नव्हतंस, म्हणून मला बरं वाटलं होतं.

आणि मग तो इस्पितळातला बाक. दात्याचे डॉक्टर वेगळे असतात, ते दात्याशी एकट्याशी बोलतात. तू आत गेलास, बराच वेळ आत होतास, बाहेर आलास तेव्हा घामाने भिजला होतास. ते डॉक्टर मला एवढंच म्हणाले, ‘हे दाता म्हणून योग्य नाहीत.’ कारण त्यांनी सांगितलं नाही. ते तू सांगितलंस. ‘रस्त्यावर गर्दी झालीय गं,’ असं म्हणालास आणि रडलास. माझेच शब्द होते ते. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, तुलाच समजावत राहिले की अशी गर्दी ओसरते, लिव्हर फार सोशिक असतं, घाबरू नकोस.

प्रयोगशाळेत एक आकडा चुकीचा वाटला तर मी तोच नमुना पुन्हा लावते, तिसऱ्यांदा लावते, सोबतच्या लोकांना कंटाळा येईपर्यंत लावते. तुझा तर आकडासुद्धा मी विचारला नाही. पुन्हा रक्त तपासून घे असं म्हटलं की तू सुईची भीती सांगायचास आणि मी हसून सोडून द्यायचे. भाऊ म्हणजे काही नमुना नव्हे, असं मला वाटत होतं.

मग सुरू झाले डबे. उकडलेला भोपळा, पातळ भात, सोललेली सफरचंदं. तुझ्या फ्रेमच्या दुकानात सरसाचा वास असतो, त्या वासात बसून तू डबा उघडायचास आणि ‘इतकं बेचव करायला कुठे शिकलीस’ म्हणायचास. मी सांगायचे की नंतर खाईन म्हणू नकोस, आत्ता खा. तू दोन घास खायचास. एका संध्याकाळी मास्तरांनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांना भ्रम व्हायला लागला होता, रक्तातली घाण डोक्यात चढली की होतो तसा, आणि ते मला सारखे म्हणत होते, जाऊ नकोस. मी हात सोडवून घेतला. तुझा डबा पोचवायचा होता. परत आले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. पुढे दोन दिवस ओळखलं नाही. ते ओळखायला लागले ही गोष्ट वेगळी. त्या दोन दिवसांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

औषधं लागू पडली आणि तुकड्याची वेळ तेव्हापुरती टळली. सगळे म्हणाले, चमत्कार. मला त्यातला थोडाफार चमत्कार ठाऊक आहे. इजा झाली की पांढऱ्या पेशी रक्तातून धावत येतात आणि आधी नासधूस वाढवतात. आग, सूज, मोडतोड. पूर्वी आम्हाला वाटायचं की या पेशी काढून टाकल्या की काम झालं. उंदरांमध्ये सुरुवातीला काढल्या तर इजा खरंच कमी होते. पण उशिरा काढल्या तर जखमेचा वण तसाच राहतो, विरघळत नाही. कारण त्याच पेशी मेलेलं सगळं खाऊन संपवतात, खाता खाता त्यांचा स्वभाव बदलतो, आणि मग त्या वेगळे एन्झाइम सोडतात, वणाचे धागे कातरणारे. तुला मी फक्त भिंत फुटल्यावर सांडणारे एन्झाइम सांगितले होते. हे दुसरे सांगायचे राहून गेले. मास्तरांचे वण आता विरतील किंवा विरणार नाहीत. अजून पुरतं कळत नाही. नाव प्रतीक्षायादीत आहेच.

चिमणी गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत आली होती. तुझ्या लेकीला मी फाटकापाशी पाहिलं तेव्हा आधी वाटलं, तुलाच काही झालं. ती खुर्चीवर बसली, बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाली, ‘आत्या, बाबांना काहीच झालं नव्हतं. त्यांनी आत जाऊन नाही म्हणून सांगितलं. तुझे डबे मी खायचे, कॉलेजातून आल्यावर.’ भोपळा तिला आवडायला लागला, असंही म्हणाली. मला हसू आलं, दादा. खरंच आलं. मग ती गेल्यावर उंदरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले, तिथे कोणी काही विचारत नाही.

तू घाबरलास याचा मला राग नाही. लहानपणी माझा गुडघा काचेने फाटला होता तेव्हा तू डोळे घट्ट मिटून रुमाल बांधला होतास, गाठ रुमालाला कमी आणि माझ्या फ्रॉकला जास्त बसली होती. रक्त बघून तुला भोवळ येते हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आत जाऊन नाही म्हणायचा तुला हक्क होता, म्हणून तर ते एकट्याला आत बोलावतात. बाहेर येऊन बाकावर ‘मला भीती वाटली’ एवढंच म्हणाला असतास तर मी चार दिवस बोलले नसते आणि पाचव्या दिवशी दुकानात आले असते. तू मला तुझी सेवा करू दिलीस. दिवसामागून दिवस, मास्तरांच्या उशापासून उठवून. ते मला गिळवत नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही.

आता चिमणी कशासाठी आली होती ते सांगते, आणि हे पत्र कशासाठी आहे तेही. ती तुझ्या खोट्याची भरपाई करायला आली होती. तुम्हाला न सांगता तिने सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. लिव्हर स्वच्छ आहे तिचं, रक्तगट जुळतो, कागदावर तिच्यात काही खोट नाही. घरी सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, ‘त्या पोरीच्या पोटावर माझ्यासाठी रेघ ओढायची नाही.’ नुसतं नको म्हटलेलं ती ऐकणार नव्हती. अंगठा मुठीत धरून बसली होती, तू हट्टाला पेटलास की बसतोस तशी. म्हणून मास्तरांनी डॉक्टरांना कळवलं की ते तिचा तुकडा घेणार नाहीत, आणि डॉक्टर तिला एवढंच म्हणाले, योग्य नाही. पुढचं मी सांगितलं. ‘रक्तवाहिन्यांची मांडणी वेगळी आहे तुझी, जोडता येणार नाही.’ किती सहज निघालं रे माझ्या तोंडून. तिने लगेच विश्वास ठेवला, आत्याला कळतं म्हणून, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आज ना उद्या तिला शंका येईल आणि ती तुलाच विचारेल, कारण या घरात असलं खोटं कुणाला ओळखता येत असेल तर तुला, हे तिला पक्कं माहीत आहे. तेव्हा डोळे मिटू नकोस. तिच्याकडे बघून सांग की आत्या खरं बोलते. एकदा तू स्वतःसाठी खोटं बोललास, आता एकदा माझ्यासाठी बोल. आणि डबे तिच्या हाती पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

तुझीच,
उंदीरवाली