आप्पांचा कट्टा

४ नोव्हें.
घाटनांदूरला व्याख्यान. 'रस्ता चालणाऱ्यांचाही'. माहेरी पहिल्यांदाच बोलले. अंबाजोगाईला कॉलेजात रोज शिकवते, पण आज कागदात बघून बोलले. फुटपाथ मोकळा का हवा इथवर आले, तर मागून एक जण उठला, "ताई, आधी तुमच्या आप्पांच्या दुकानाचा कट्टा काढा, मंग आमाला शिकवा."
सगळे हसले. खोटं काय होतं त्यात? अख्खा फुटपाथ त्या कट्ट्याखाली आहे. तशीच खाली बसले.

५ नोव्हें.
सकाळी आप्पांजवळ विषय काढला.
"कावून काढायचा? तुझ्या जन्माआधीचा हाय त्यो. लोक टेकतेत, बोलतेत, म्हनून तर गिऱ्हाईक हाय." साखरेचं पोतं उसवत बसले.
दुपारी रेहानाकडे. शाळेतली मैत्रीण, कुबडी घेऊन चालते. मागच्या महिन्यात आमचा कट्टा चुकवायला रस्त्यावर उतरली अन् मोटारसायकलनं उडवलं. हात प्लास्टरमध्ये, कुबडी धरता येत नाही, म्हणून घरातच.
"आप्पांनीच उचलून दवाखान्यात नेलतं मला. त्यांना टोचून बोलू नकोस."
टोचून नाही. पण बोलणार. हॉलमध्ये नाही, रस्त्यावर.

१२ नोव्हें.
ग्रामपंचायतीनं हो म्हटलं. सकाळी बाजारपेठेतच व्याख्यान. रेहाना चाकाच्या खुर्चीत, तिचा भाऊ ढकलत होता. बाजूनं उसाचे ट्रॅक्टर. खुर्चीला किती जागा लागते ते दाखवायला चुन्याच्या फक्कीची रेघ ओढत निघाले. आप्पांच्या कट्ट्यापाशी हात थांबला. लोक बघत होते.
रेहाना हळूच म्हणाली, "मी इथंच पडलते."
गल्ल्यावरून आप्पांचा आवाज, "थांबलीस कावून? वड की पुढं."
कट्ट्यावरून ओढली. आप्पा दुकानातून बाहेर आले नाहीत.

१५ नोव्हें.
आईचा फोन. आप्पांनी गवंडी बोलावला, कट्टा अर्धा फोडून झाला, उरलेला उद्या. आता दुकानात चढायला दारात लाकडी फळी. जुनी गिऱ्हाइकं उभ्यानंच माल घेऊन जातात, कुणी थांबत नाही.
शेजारच्या कापडवाल्या काकांनी आप्पांशी बोलणं टाकलंय. त्यांचा कट्टा आहे तसाच. म्हणजे रेहानाला चार पावलांवर पुन्हा रस्त्यातच उतरावं लागणार.

१८ नोव्हें.
घाटनांदूरला जाऊन काकांच्या दुकानात गेले. बसा म्हणाले नाहीत.
"बापाचं दुकान बसवलंस. आता आमचं?"
म्हटलं, "काका, पुढच्या रविवारी तुमच्या दारात बोलणार आहे. तुम्ही ऐकायला या."
काका कापडाच्या थानाची घडी घालत राहिले. निघताना मी त्यांच्या कट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली.