रविवारी गाडीत नक्की बोलणार

३ जून
संकल्प : लेकीशी पाळी वगैरे सगळं मोकळेपणाने बोलायचं. बारा पूर्ण झाली. तिची आई असती तर हे माझ्या गळ्यात पडलं नसतं, पण तिला जाऊन दोन वर्षं झाली. ताई फोनवर म्हणाली, तुला जमायचं नाही, मी येते. म्हटलं, ताई, ड्रायव्हिंग स्कूल चालवतो मी! थरथर कापणाऱ्या माणसांना हायवेवर नेलंय. एका पोरीला चार गोष्टी सांगता येणार नाहीत? रविवारी गाडीत सांगणार. गाडीत एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

७ जून, रविवार
मी स्टिअरिंगवर, ती बाजूला मास्तरांच्या सीटवर. शिकवायच्या गाडीत तिथे पायाशी मास्तरांचा वेगळा ब्रेक असतो. त्याला पाय लावायचा नाही, अशी ताकीद दिली. मग सुरुवात केली. शरीर म्हणजे एक इंजिन असतं, इथवर झकास जमलं. पुढे ऑइल चेंजवर घसरलो तो तिथेच राहिलो. असो. पाया तर घातला.

१६ जून
आधी सामान, मग भाषण. पॅड आणायला मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर ओळखीच्या बायका. घसा खाकरला. दुकानदार म्हणाला, खोकला का? हो म्हणालो. गोळ्या घेऊन परत. परवाही हेच झालं होतं. लेक काळजीने म्हणाली, बाबा, तुला एवढा खोकला कशाने येतोय? डॉक्टरकडे जा ना. किती जीव लावते पोरगी!
ता. क. गाडी पुसायची नवी फडकी डिकीतून गायब. संशय शेजारच्या टेम्पोवाल्यावर.

१२ जुलै, रविवार
आज तिनेच गाडीत विचारलं, आईला नेमकं काय झालं होतं? ते रक्त थांबत का नव्हतं? म्हटलं, पुढच्या ट्रकचा नंबर वाच बघू. तिने वाचला. विषय शिताफीने बदलला. पोरीला उगाच कशाला रडवा? माझा विषय राहिला, पण घाई काय आहे, अजून लहान आहे ती.

१४ जुलै
लेक शाळेला गेली नाही. पोट दुखतंय म्हणे. आज गणिताची चाचणी आहे हे मला ठाऊक नाही का? आम्हीही शाळेत गेलोय.
फडकी पुन्हा कमी! टेम्पोवाल्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, साहेब, तुमची फडकी काय डोक्याला गुंडाळू? चोर तो चोर, वर शिरजोर. डिकीला कुलूप ठोकलं. आता बघतो.

९ ऑगस्ट, रविवार
गाडी सर्व्हिसिंगला. बोलणार कुठे? घरात समोरासमोर बसावं लागतं. गाडी देताना डिकी उघडून बघितली, फडकी मात्र जागच्या जागी. कुलपाचा चांगलाच वचक बसलाय.

११ ऑगस्ट
शाळेतून बाईंचा फोन. वर्ग सुटला तरी मुलगी बाकावरून उठत नाही. धावत गेलो. स्कर्टला डाग होते. बाईंची शाल गुंडाळून गाडीत बसवली. मी लगेच सुरू केलं, हे बघ, शरीर म्हणजे एक इंजिन...
तिने मास्तरांचा ब्रेक दाबला. गाडी रस्त्यात उभी.
म्हणाली, बाबा, मला आईसारखंच झालंय. जूनपासून. वर्गातल्या मुली बोलतात ते वेगळं, माझं आईचं आहे. फडकी मी घेत होते. आता कुलूप आहे. तुला सांगणार नव्हते, तुला आधीच एवढा खोकला. मी गेल्यावर तुझ्याकडे कोण बघेल?
मागून हॉर्न वाजत होते. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, ही पाळी आहे, सगळ्याच मुलींना येते. आईला कॅन्सर होता. तुला काही झालेलं नाही, तू कुठेही जाणार नाहीस. झालं. दोन महिने घोकत होतो ते एवढंच होतं.
मेडिकलवाल्याने बघताक्षणी गोळ्या पुढे केल्या. नको म्हटलं. पॅड मागितले. कोणीही वळून बघितलं नाही.
घरी ताईने फोनवर तिला बाकीचं नीट समजावलं. मी स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेलो आणि तिथेच हुंदका फुटला. लेक मागून आली. मला वाटलं, आता आईबद्दल विचारेल. तिने ड्रॉवर उघडला, खोकल्याची एक गोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, चघळ बाबा, बरं वाटेल.