लिनक्स, तांदूळ आणि मेलबर्नची मीरा

साकीनाका,
शुक्रवार दुपार

चि. सर्वेश यास दर्शना मावशीचे भरघोस आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? ताई म्हणत होती, दिवसभर खुर्चीत बसून धरते. तेल लावत जा. आम्ही दोघं बरे आहोत, लॅपटॉप बरा नाही. फोन सोडून पत्र का, तर आमच्या तळमजल्यावर रेंज नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्याशी बोलायला मला गेटवर टँकरच्या बाजूला उभं राहावं लागतं आणि तिथे तू "रीस्टार्ट करून बघितलंस का?" एवढंच विचारून ठेवतोस. (बघितलं रे. इतक्या वेळा बघितलं की तो आता स्वतःहून बंद पडतो.) वरच्या मजल्यावरची सपना रविवारी पुण्याला येतेय, तिच्या हातून हे पाठवते. सोबत कोकमं आहेत.

नवरात्रात आलास, "विंडोजमुळे स्लो झालाय" म्हणालास आणि चहा थंड व्हायच्या आत लिनक्स टाकून मोकळा झालास. लॅपटॉप भरभर चालू होतो, झकास, त्याबद्दल तक्रार नाही. पण वायफाय कुठेय? आधी खाली उजव्या कोपऱ्यात असायचं. आता खालचं सगळं वर गेलंय आणि वरचं कुठे गेलं ते तुलाच माहीत. एक गोल चिन्ह सापडलं, त्यालाच वायफाय समजून मी रोज दाबते आणि ते रोज विचारतं, बंद करू का? त्यावर फार खोदून विचारल्यावर तुझं उत्तर, मशीन जुनं आहे, त्यातलं वायफाय लिनक्सला ओळखता येत नाही, नेटच्या डब्यातून थेट वायर लाव. मला कळत नाही, चार वर्षं घरात असलेली वस्तू त्याला ओळखू कशी येत नाही?

तुला हसू येत असेल, मला येत नाही. मेलबर्नच्या मीराचा वर्ग उद्या सकाळी आहे. सात वर्षांची पोर, आजीशी मराठीत बोलता यावं म्हणून तिच्या आईने मला शोधलं. संसाराच्या एवढ्या वर्षांत मला 'टीचर' म्हणणारी ही पहिलीच. गेल्या शनिवारी सपनाच्या घरी जाऊन तिच्या फोनवर "नमस्कार, माझं नाव दर्शना" म्हटलं आणि पडदा गोठला, तोंड उघडं ठेवून. आईचा निरोप आला, पुढच्या वेळीही असंच झालं तर दुसऱ्या बाई बघू. मला वाईट वाटलं, सर्वेश. रात्री नीट जेवले नाही.

तर वायर. ती आतच जाईना. केबलवाला आला, म्हणाला भोक खराब आहे, नवीन घ्या. मी तुला शिव्या घातल्या (मनात), लिनक्सला घातल्या (मोठ्याने). मग काकांनी चष्मा लावला. तुझे काका इथल्याच कारखान्यात लेथवर होते, दर दसऱ्याला मशीनला हार घालायचे, आता घरात मशीन एकच. तू गेलास आणि दोन दिवसांनी यांनी लॅपटॉपला हळद, कुंकू, झेंडू, अक्षता सगळं वाहिलं. मी ओरडले तर म्हणे, "यंत्र असा ना गो ता, मग पूजा नको?" वायरच्या भोकात तांदळाचे दोन दाणे निघाले, कुंकवासकट. माझ्या केसांच्या पिनेने यांनीच काढले, वर कपाळाला लावले. वायर टॉक करून बसली, नेट आलं. म्हणजे चूक लिनक्सची, तुझी, काकांची की देवाची, याचा हिशोब मला लागत नाही.

आता नवीन पंचाईत. तो नेटचा डबा फ्रिजवर, वायर वीतभर. लॅपटॉप ओट्याच्या पुढे सरकत नाही. उद्या मी टीचर म्हणून कुकरच्या शेजारी बसू? तेव्हा येऊन विंडोज परत टाक, नाहीतर वायफाय कर. वाट लागली आहे यार, मावशी असून सांगते.

तुझीच, गोंधळलेली,
दर्शना मावशी

ता. क. शनिवार. वर्ग झाला. ओट्यावरच झाला, काय करणार, बांगडे साफ करून ठेवलेले. मीराने विचारलं "वॉट इज दॅट?" मी बांगडा उचलून दाखवला. तिची आजी मागून धावत आली. मालवणची निघाली. मग आजी पडद्यातून सांगतेय मीठ किती, मी लावतेय, आणि ती पोर दोघींच्या मध्ये ओरडतेय, "आजी, तिखट! आजी, अजून!" आजीचे डोळे भरले, माझेही भरले, मी कांद्यावर ढकललं. तिच्या आईने विचारलंय, पुढचे सगळे वर्ग स्वयंपाकघरातच घ्याल का?

ता. क. २. म्हणून वायफायला हात लावू नकोस. विंडोजही नको.

ता. क. ३. मात्र ये जरूर, आणि हे वरचं काकांना दाखवू नकोस. त्यांच्या देखत लॅपटॉप उघडून बघ, मान हलव आणि सांग की वायफाय कायमचं गेलं. ते आलं तर लॅपटॉप हॉलमध्ये जाईल आणि दिवसभर यांच्या मांडीवर क्रिकेट चालेल. ओट्यापर्यंत हे लग्नानंतर कधी आले नाहीत.