झाकण उघडलं, तात्या!

माझ्या हट्टी तात्यांना,

उघडलं! आवं तात्या, झाकण उघडलं! आज सकाळी, सांगलीत, माझ्या या हातानं! चार स्क्रू आणि वर शिशाचं एक सील. ते सील मी कापलं तेव्हा कुणी ओरडलं नाही की कुणी नोटीस काढली नाही. उलट ज्यांनी ते लावलं होतं, त्यांचीच माणसं शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

आईला फोन केला तर म्हणाली, "बरं झालं बाई. जेवलीस का?" संस्थेतल्या सगळ्यांना तर ठाऊकच होतं. मग राहिलं कोण? तुम्ही. तुम्हाला जाऊन तिसरं वर्ष लागलं, पण खरं सांगायचं तर ही बातमी तुमचीच आहे. म्हणून सांगलीहून थेट उंब्रजला आले, दुकानाचं शटर वर केलं आणि तुमच्या स्टुलावर बसून लिहायला घेतलं. स्टूल अजून डुगडुगतंय. अख्ख्या पंचक्रोशीच्या पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरल्यात, पण या एका पायाखाली पुठ्ठा घालायला तुम्हाला सवड झाली नाही!

पहिल्यापासून सांगते. मधेच "म्होरं काय?" करू नका.

मी नववीत होते, आठवतंय? रहिमतपूरच्या एका बागायतदाराची मोटार जळून आली होती आणि तुम्ही कुठल्याशा लग्नाला गेला होता. मला वाटलं, तात्या यायच्या आत निम्मं काम उरकावं, शाबासकी मिळेल. घेतली छिन्नी, जळलेल्या कॉईली कापल्या, ओढून काढल्या, आतला भाग घासून लख्ख केला. तांबं भंगारवाल्याला देऊनही टाकलं! तुम्ही आलात, लख्ख मोटार बघितलीत आणि एवढंच विचारलंत, "वेढं मोजलंस?"

कुठले वेढे आणि काय! प्रत्येक कॉईलीत तारेचे किती वेढे, तार केवढ्या जाडीची, हे त्या जळलेल्या कॉईलीवरूनच कळतं. गिऱ्हाईकाला शेजारी उभं करून, वेढे मोजून, वहीत लिहिल्याशिवाय तुम्ही कुठलीही कॉईल टाकली नाहीत. मी हे रोज बघत होते आणि नेमकं तेच विसरले. तुम्ही ती मोटार अंदाजानं भरलीत. आठ दिवसांत परत जळली. परत भरलीत. तिसऱ्या खेपेला कुठं ती चालली.

रागावला नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं. म्हणालात, "पोरी, जळल्याल्यातच समदं लिवल्यालं असतंय. वाचल्याबिगर टाकलं की मग दुसऱ्याच्या दारात जाऊन इचारत बसावं लागतंय."

हे तुम्ही कुठून शिकलात, ते मला फार उशिरा कळलं. फौजेत तुम्ही वायरलेस सेट दुरुस्त करायचात. बाहेरच्या देशातून आलेल्या सेटांना सील असायचं, ते तोडायचं नाही असा हुकूम. बिघडला की खोक्यात घालून पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत पोस्टवरच्या पोरांनी तसंच बसायचं. एकदाच बोललात त्यावर. "दोष काय हाय ते आवाजावरनंच कळायचं गं. हातात पेचकस असायचा. आन् आमी पार्सल बांधत बसायचो." एवढं बोलून उठलात आणि उगाचच गल्ला पुसायला लागलात.

आता माझी चूक. मन घट्ट करून लिहिते.

पुराचा अंदाज देणाऱ्या आमच्या संस्थेचा बाहेरच्या देशातल्या संस्थेशी पहिला करार झाला, तेव्हा मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन नाचतच घरी आले होते. सांगलीच्या पुलाखाली त्यांचं रडार बसणार, पाण्याला हात न लावता कृष्णेची उंची आणि वेग मोजणार! नदी आपली, माणसं आपली, यंत्र त्यांचं. तुम्ही पेढा हातात धरून ठेवलात आणि विचारलंत, "झाकण उघडायची परवानगी हाय का?"

मी हसले. हसले, तात्या! म्हणाले, "अहो, हा काय विहिरीतला पंप आहे? असलं उघडत नसतात." तुम्ही पेढा बशीत ठेवलात. माझा करार मी अक्षर न् अक्षर वाचला होता. सील आपण तोडायचं नाही हे त्यात होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आत काय आहे ते न विचारता घेतलं, म्हणजे वेढे न मोजता मी दुसऱ्यांदा कॉईल कापली होती.

पण तुम्हीही कमी नव्हता हं! "दिऊन टाक माघारी. आपलं आपून करू," हेच पालुपद. तुम्हाला किती सांगितलं, तसली बारीक चिप आपल्याकडं आज होत नाही, सगळं घरीच करायचं म्हटलं तर पुढच्या दहा पुरांत आपण काठावर कंदील घेऊन बसू. तुम्ही ऐकून घेतलंत? दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. तुमच्या मोटारीतलं तांबं काय उंब्रजच्या शिवारात पिकत होतं? ते कुठून कुठून यायचंच ना! तरी मोटार तुमची होती, कारण तिच्यात किती वेढे हे तुम्हाला ठाऊक होतं. हे मला तेव्हा सुचलं असतं तर तुमची बोलती बंद केली असती. सुचलं कधी, तर तुम्ही गेल्यावर.

मग तो पावसाळा आला. कृष्णा चढायला लागली आणि रडार गप्प झालं. पाणी चढतंय ते डोळ्यांना दिसतंय आणि पडद्यावर काही नाही! तिकडच्या संस्थेची हॅना, म्हणजे या कामातली माझी जोडीदारीण, फोनवर रडकुंडीला आली. "खोलू नकोस गं, कागदावर माझीच सही आहे," म्हणाली. आम्ही पुलाच्या खांबावरची रंगवलेली पट्टी वाचत, फुटाफुटानं ओरडून आकडे सांगत दिवस काढला. नदीकाठच्या लोकांना निरोप गेला, पण उशिरा गेला. माणसं वाचली. गोठ्यात बांधलेली जनावरं सगळी वाचली नाहीत. एक म्हातारी पुलावर येऊन मला म्हणाली, "बाई, तुमचं मशीन सांगणार हुतं न्हवं?" मला तिच्याकडं बघवेना.

तुमचाही फोन आला होता. "आजून खोललं न्हाईस?" मी खेकसले, "तात्या, आत्ता नको!" आणि फोन ठेवला. रडार खोक्यात घालून पाठवलं. मीही पार्सलच बांधलं, बघा. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुमचं बरोबर होतं, हे एक वाक्य मी दिवाळीला येऊन सांगणार होते. दिवाळीला आले, तुम्ही अंथरुणावर होता आणि मला वाटलं, बरे झालात की सांगू. कशाला थांबले मी?

बरं, रडगाणं पुरे. आज आनंदाचा दिवस आहे!

तर पुढचं ऐका. दिल्लीत एक समिती बसली. बाहेरच्या देशांबरोबर विज्ञानात हातमिळवणी कशी करायची, काय मिळून करायचं, काय आपल्या ताब्यात ठेवायचं, त्याचं देशाचं धोरण लिहायला. ज्यांची यंत्रं ऐनवेळी दगा देऊन गेली होती, अशा चारपाच जणांना बोलावलं होतं. त्यात मी! तिथं दोन तट. एक म्हणत होते, दारं लावून घ्या, सगळं आपलं आपण करू. मला तर तुम्हीच टाय लावून बसलाय असं वाटलं. दुसरे म्हणत होते, मिळतंय ते घ्या, अटी कसल्या घालताय. ती म्हणजे पेढे घेऊन आलेली मी.

मी उभी राहिले आणि सरळ रहिमतपूरच्या मोटारीची गोष्ट सांगितली. एक साहेब हसून म्हणाले, "मॅडम, हे काही मोटार भरायचं दुकान नाही." तात्या, कान तापले माझे! असलंच वाक्य मी तुम्हाला ऐकवलं होतं की! म्हणाले, "साहेब, दुकान असतं तर बरं झालं असतं. आमच्या दुकानात गिऱ्हाईकासमोर उघडल्याशिवाय मोटार घेत नाहीत. यंत्र बाहेरून खुशाल घेऊ, पण ते उघडायचा, समजून घ्यायचा आणि दुरुस्त करायचा हक्क दोन्हीकडच्या माणसांना असेल, एवढं एक वाक्य प्रत्येक करारात घाला." चहा आला, विषय पुढं गेला, मला वाटलं संपलं. महिन्यानं मसुदा आला. आठव्या पानावर ते वाक्य होतं! मी ऑफिसातल्या खुर्चीवर उडी मारली, खोटं नाही सांगत.

पण कागदावरचं वाक्य वेगळं आणि हॅनाच्या संस्थेची सही वेगळी. जुना करार संपला होता, नवा व्हायचा होता, पुढचा पावसाळा जवळ येत चाललेला, पुलाखाली यंत्र नाही. ते लोक म्हणाले, झाकण बंदच राहील. आमचे म्हणाले, मग राहू द्या. चार महिने निरोपांची नुसती ढकलाढकली. शेवटी हॅना स्वतः आली. मी तिला मीटिंगला नेलंच नाही, इथं आणलं, दुकानात!

तुमची वही तिच्या हातात दिली. ती पानं उलटत राहिली. गावाचं नाव, मोटार, वेढे, तारेची जाडी, पानामागून पान. आईनं तिला भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं आणि वर मला विचारलं, "हिला तिखट लागंल का गं?" लागलंच. डोळ्यांत पाणी, तरी बया थांबेना. खाता खाता म्हणाली, "माझ्या वरिष्ठांना मी पटवते. पण मग तुझंही झाकण उघडशील?"

माझं? हो, माझं! वरच्या अंगाला पाणी किती चढलं यावरून सांगलीत ते कधी पोचेल, हे काढणारा प्रोग्रॅम मी सहा वर्षं खपून लिहिलाय. तिच्या लोकांना आम्ही नुसतं उत्तर द्यायचो, आतलं काही दाखवायचो नाही. तात्या, मी अशी फुरंगटले! आमचं ते आमचं, ते का दाखवू? धोरणात लपवून ठेवायच्या गोष्टींची यादी आहे, ती काढून तीनदा वाचली. त्यात माझा प्रोग्रॅम कुठंच नव्हता. सील मीच लावलं होतं, कुणी न सांगता.

आईच म्हणाली, "त्यो मलकापूरचा आलता, याद हाय का?" मलकापूरचा तो दुसरा मोटार भरणारा, तुमचा पक्का चढाओढीतला. एका नव्या मोटारीचे वेढे विचारायला आला आणि तुम्ही वही उघडून सांगून टाकलेत! आई तेव्हा किती चिडली होती. "आवं, त्यो आपली गिऱ्हाइकं पळवंल!" तुम्ही म्हणालात, "पळवू दे की. मला ठावं नसल्याली मोटार त्येच्याकडं आली आसंल, तवा मी त्येच्या दारात जाईन. दार उघडं पायजे का नगं?"

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅम उघडून हॅनाच्या पुढ्यात ठेवला. अर्ध्या तासात तिनं माझी एक चूक काढली! चांगली ठसठशीत चूक. राग आला आणि हायसंही वाटलं. पंधरा दिवसांत करारावर दोघींच्या संस्थांच्या सह्या झाल्या.

आणि आज! तेच रडार, तीच सांगली, पुलाजवळची आमची खोली. हॅनाच्या लोकांनी ते नुसतं सुकवून, पुन्हा सील ठोकून ठेवलं होतं; खरा दोष त्यांनाही सापडला नव्हता. मी सील कापलं आणि आधी काहीच काढलं नाही. सगळे म्हणतायत काढ काढ, मी म्हणाले थांबा. पिशवीतून तुमची वही काढली. कुठली तार कुठं जाते, कुठला भाग कशाला जोडलाय, सगळं बघून लिहिलं, हॅनाला शेजारी उभं करून. मग हात घातला. काय निघालं असेल? सांगा बरं! झाकणाखालचं रबराचं कडं! आपल्या उन्हानं त्याला बारीक चीर गेली होती, तिथून दमट हवा आत गेली आणि आतली पिन गंजून हिरवी पडली होती. बस्स, एवढंच! तुम्ही बसल्या बसल्या, चहा निवायच्या आत दुरुस्त केलं असतंत. त्या म्हातारीला त्या दिवशी वेळेवर निरोप गेला असता.

मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. हॅनानं माझा हात धरला. मग आम्ही दोघींनी पिन घासली, इथल्या उन्हाला टिकेल असं नवं कडं बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर कृष्णा आली, तात्या! उंची, वेग, सगळं!

वही आता माझ्यापुढं आहे. तुमच्या हातची शेवटची नोंद उंब्रजच्याच एका मोटारीची आहे, अक्षर जरा थरथरलेलं. तिच्याखाली आजची माझी नोंद. गाव सांगली, यंत्र रडार.

शब्द देते तात्या, न मोजता यापुढं काहीही कापणार नाही, आणि माझं झाकण बंद ठेवून दुसऱ्याचं उघडायला सांगणार नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की नदीकाठचा पहिला निरोप मी स्वतः त्या म्हातारीच्या घरी पोचवीन. स्टुलाच्या पायाखाली आत्ताच पुठ्ठा घातलाय.

आणि तुम्ही पेढा हातात धरून झाकणाच्या परवानगीचं विचारलं होतंत ना? उत्तर द्यायचं राहिलं होतं.

व्हय तात्या. हाय.

तुमची लेक,
अश्विनी