चव्वेचाळीस मैल

देवळाली कॅम्प,
गुरुवार

प्रिय शेखर,

सायखेडा इथून तासाभराच्या अंतरावर, फोन हातात, आणि तरी ताईचं पाकीट पोस्टानं आलेलं बघून तू चकित होशील. समोर बसून हे बोलायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकदा तू ताटावरून उठून गेलास आणि एकदा मीच द्राक्षांची छाटणी कशी झाली म्हणून विचारून विषय बदलला. लिहिताना निदान कुणी उठून जात नाही. म्हणून लिहिते आहे. सगळं वाचून मग काय ते ठरव.

मोहिनीचा परवा फोन आला होता. तक्रार म्हणून नव्हे, सहज बोलता बोलता म्हणाली की पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तुझी पाळी सुरू व्हायच्या कितीतरी आधी तू गेटवर उभा असतोस. वेदिकाची शाळा सुटायच्या आधी तू फाटकाशी हजर. लग्नाला जायचं तर मांडव उघडायच्या आधी. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे, वेदिका त्यावरून तुला चिडवतेही. मोहिनी मात्र चिडवत नाही. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, ते कशासाठी आधी पोचतात ते मला माहितीये. पण किती दिवस?" मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं आणि मी गप्प बसले.

तू नौदलात गेलास तो माझ्यामुळे, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. त्यात फार खोटं नव्हतं. गोदावरीच्या काठच्या घरातली मुलगी जहाजांचे आराखडे काढायला शिकते, हेच गावाला नवल होतं. तुला मी मुंबईला नेलं तेव्हा तू नववीत होतास. गोदीत एक जहाज पाण्यात उतरताना बघून तू दिवसभर काही खाल्लं नव्हतंस. पुढे तू अधिकारी झालास आणि फिरत फिरत नेमका त्या जहाजावर आलास, ज्याच्या आराखड्यावर मी सहा वर्षं घालवली होती. वॉर्डरूममध्ये, अधिकाऱ्यांच्या जेवणघरात, तू सगळ्यांना सांगायचास, हे माझ्या ताईनं काढलेलं जहाज. इतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाच वाटला नाही, शेखर.

त्या जहाजांबद्दल लोकांना समजावताना तूही माझ्यासारखाच कंटाळायचास. ती फ्रिगेट जातीच्या युद्धनौकांत मोडतात, आणि फ्रिगेट म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे क्षेपणास्त्रं येतात. ही जहाजं तशी नव्हेत. पुढे एक तोफ, मागे हेलिकॉप्टरची जागा, आणि बराचसा सांगाडा व्यापारी जहाजाच्या पद्धतीनं बांधलेला. कारण त्यांचं काम युद्ध नाही, गस्त. मासेमारीच्या हद्दी सांभाळायच्या, चाचे आणि तस्कर हेरायचे, संशय आला तर अनोळखी बोट थांबवून तपासायची, वादळात सापडलेल्यांना बाहेर काढायचं. अशा कामाला जहाज कमी माणसांत चालणारं हवं, सहज दुरुस्त होणारं हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंदरात न येता आठवडेच्या आठवडे समुद्रात राहणारं हवं. मी हे सांगते आहे ते तुला शिकवायला नाही. पुढचं नीट सांगता यावं म्हणून मला इथून सुरुवात करावी लागते आहे.

तो दिवस तू मला फक्त एकदा सांगितलास, नोकरी सोडून घरी आलास त्या आठवड्यात. तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, कमी दाबाचा पट्टा आलेला, आणि एका मासेमारी बोटीची हाक एक वाजून पन्नास मिनिटांनी तुमच्या वायरलेसवर आली. जहाजाची सूत्रं हाती घेऊन ब्रिजवर तू होतास. बोटीवरच्या माणसांनी घाबरून दोन ठिकाणं सांगितली, आणि त्या दोहोंत तीस मैलांचं अंतर होतं. तू पुन्हा विचारलंस, पुन्हा विचारलंस, शेवटी खात्री झाल्यावर दोन वाजता जहाज वळवलंस. चव्वेचाळीस सागरी मैल. तुम्ही चार वाजून बारा मिनिटांनी पोचलात, तेव्हा बोट बुडालेली होती. नऊ जणांपैकी चार पाण्यात तरंगत होते. पाच बोटीबरोबर खाली गेले. चौकशीत तुझ्यावर काही ठपका आला नाही. पहिल्याच ठिकाणाकडे गेला असतात तर चारही मिळाले नसते, असं तुझ्या कप्तानानं लिहून दिलं. पण तू ते ऐकलं नाहीस. तू मला म्हणालास, "दहा मिनिटं, ताई. माझी दहा मिनिटं." त्यानंतर आजपर्यंत तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस.

आता तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारचं सांगते. मी तुमच्याकडे आले होते आणि देवराम आला होता, तो रविवार. तुझ्या जुन्या जहाजावरच्या कुणाकडून तरी पत्ता मिळवून, पालघरहून एसटी बदलत बदलत तो सायखेड्याला पोचला. पाण्यातून तुम्ही ज्या चौघांना काढलंत त्यांतला एक. त्यानं ओट्यावरून नाव सांगितलं आणि तू मागच्या दारानं बागेत निघून गेलास. मी तुला दोष देत नाही. मोहिनी चहा ठेवायला गेली आणि तो माझ्यापुढे बसला, पिशवी मांडीवर धरून. त्यात सुके बोंबील होते, घरचे. तुझ्यासाठी.

तू त्याला भेटला नाहीस म्हणून तुला माहीत नाही, तो आभार मानायला आला नव्हता. तुला मी तसं सांगितलं ते खोटं होतं. तो एक गोष्ट दाखवायला आला होता. त्याचा फोन त्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कमरेला होता, म्हणून वाचला. पाणी आत येऊ लागल्यावर त्यानं त्या पारदर्शक पिशवीतूनच घरच्यांसाठी म्हणून थोडं चित्रण केलं होतं. चौकशीवाल्यांना त्यानं ते दाखवलं नाही, कारण त्यात त्याचा धाकटा भाऊ हर्षल आहे आणि ते त्याला कुणा साहेबाच्या टेबलावर ठेवायचं नव्हतं. मला त्यानं फोन दिला आणि स्वतः दुसरीकडे बघत बसला. चित्रात बोट एका अंगावर कललेली आहे. पाच जण खाली माशांच्या कप्प्यात उभे राहून बादल्यांनी पाणी उपसताहेत, बाकीचे वरून त्या घेऊन ओतताहेत. तुझा आवाज त्यांनी वायरलेसवर ऐकलेला होता. निघालोय म्हणून तू सांगितलं होतंस. हर्षल एक बादली वर देतो, कॅमेऱ्याकडे बघून किंचित हसतो आणि म्हणतो, "येतायत ते. आपण धरून ठेवू." मग एक लाट येते, चित्र उलटंपालटं होतं आणि नुसतं पाणी दिसतं.

देवराम म्हणाला, त्या साहेबांच्या बोलण्यावर आमचा विश्वास बसला म्हणून आम्ही शेवटपर्यंत हातपाय गाळले नाहीत, एवढं त्यांना सांगायचं होतं. त्याच्या मनात कुठलाही डंख नव्हता. पण मी त्याचं पुरतं ऐकत नव्हते. चित्र कधी काढलं ती वेळ फोनमध्ये आपोआप नोंदवली जाते. मी ती बघत होते. बोट बुडवणारी ती शेवटची लाट तीन वाजून पन्नास मिनिटांची आहे.

त्या क्षणापर्यंत बोट नेमकी कधी बुडाली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाचलेल्यांनी चौकशीत वेगवेगळ्या वेळा सांगितल्या होत्या. आता ती कळली. तू एकही मिनिट न दवडता एक पन्नासला, हाक आली त्याच क्षणी निघाला असतास, तर चार वाजून दोन मिनिटांनी पोचला असतास. बोट बुडून तोवर बारा मिनिटं झालेली असती. ते पाच जण तुझ्या दहा मिनिटांनी गेले नाहीत, शेखर. हे देवराम ओट्यावरून उठायच्या आत मला कळलं होतं. आणि तू बागेतून परत आल्यावर मी तुला म्हणाले, तो आभार मानून गेला.

का, ते सांगते. कारण मी दुसरंही गणित तिथेच बसून केलं होतं.

त्या जहाजांचा वेग ठरवायची बैठक झाली तेव्हा नौदलाकडून आलेला एक तरुण अधिकारी सत्तावीस नॉटसाठी, म्हणजे ताशी सत्तावीस सागरी मैलांसाठी, हटून बसला होता. मी एकवीसच्या बाजूची. सहा नॉट वाढवायचे तर इंजिनाची ताकद दुपटीहून जास्त लागते, इंजिन मोठं की तेल जास्त, तेल जास्त की जहाज मोठं, आणि मग त्याच खर्चात सहाऐवजी चारच जहाजं होतात. वेगाची गरज पडली तर हेलिकॉप्टर आहे, असं मी म्हणाले. दहा वर्षांच्या गस्तीच्या नोंदी काढून मी तक्ता केला होता. एकवीसपेक्षा जास्त वेग खरोखर लागला असता असे प्रसंग किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अहवालात मी लिहिलं, 'अशा प्रसंगांची संख्या नगण्य आहे.' तो शब्द कुणी मला सुचवला नव्हता. त्या अधिकाऱ्याचं मत मागे पडलं आणि एकवीस ठरलं. तुमच्या त्या फेरीत हेलिकॉप्टर दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर होतं, हँगर रिकामा होता. रिकाम्या हँगरचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

तुम्ही त्या समुद्रात इंजिनं ताणून वीस नॉट काढलेत. सत्तावीसच्या जहाजानं पंचवीस काढले असते असं धर. तुझी दहा मिनिटं तशीच राहू दे, दोन वाजताच निघ, तरी तू तीन शेहेचाळीसला पोचतोस. बुडायच्या चार मिनिटं आधी. चार मिनिटांत त्या लाटांत पाच माणसांना कप्प्यातून वर काढता येतं का, हे मला कळत नाही. मी जहाज कधी चालवलेलं नाही. पण कुणी जवळ आलेलं दिसलं असतं तर ते बादल्या टाकून वर तरी आले असते, एवढं मलाही कळतं.

तीन आठवडे मी हे पोटात ठेवलं. रोज सकाळी उठून ठरवायचे की आज फोन करीन. तोफखान्याच्या सरावाचे आवाज सुरू व्हायचे, भाजी आणायची असायची, संध्याकाळ व्हायची. तुला तुझ्या ओझ्यातून सोडवायचं तर मला माझं नाव सांगावं लागणार होतं, आणि तू ज्या नजरेनं माझ्याकडे बघत आलास ती नजर मला हवी होती. म्हणून मी तुला आणखी तीन आठवडे शाळेच्या फाटकाशी उभं राहू दिलं. मोहिनीचा फोन आला नसता तर कदाचित अजूनही दिलं असतं.

आज लिहिते आहे त्याला तेवढंच कारण नाही. अशाच आणखी सहा जहाजांचा विचार सुरू आहे आणि सोमवारी मुंबईला बैठक आहे. जुन्या आराखड्याची जाणकार म्हणून मला सल्ल्याला बोलावलं आहे, वेगावर माझं मत लेखी मागितलं आहे. मी सगळे तक्ते नव्यानं केले, रिकाम्या हँगरचा रकाना घालून केले, आणि दर वेळी उत्तर तेच आलं. सहाऐवजी चार जहाजं असती तर त्या दिवशी सगळ्यात जवळचं जहाज शंभर मैलांच्या पलीकडे असतं आणि देवरामही आपल्या ओट्यावर आला नसता. म्हणून मी पुन्हा एकवीसच लिहिलं आहे. यावेळी त्याखाली 'नगण्य' नाही, तो सबंध दिवस लिहिला आहे, एक पन्नासपासून चार बारापर्यंत, पाच जणांच्या नावांसकट. निर्णय घेणाऱ्यांनी ती नावं वाचून मग सही करावी. माझं चुकत असेल, शेखर. दुसऱ्यांदा तेच चुकत असेन तर ते मला सांगू शकेल असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे, जो त्या दिवशी तिथे होता. सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी निघेन. त्याआधी आलास तर तू म्हणशील ते ऐकेन आणि कागद बदलायचा असेल तर बदलेन. नाही आलास तरी समजेन. पण बहिणीनं पुन्हा एकवीस नॉट लिहिले, हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, आणि ती दहा मिनिटं तुझी नव्हती, हे माझ्याच तोंडून कळावं.

तुझीच,
ताई