कात्री कुठे ठेवली

३ मार्च, मंगळवार
धाकट्याला घरी आणलं! पाच आठवडे वॉर्डात होता. बावीस वर्षांचा भाऊ, कानात आवाज ऐकू यायचे. आता म्हणतो, "ताई, ते लांब गेलेत."
समुपदेशक बाईंनी एक तक्ता दिला, दर आठवड्याला भरायचा. झोप उडालीय? संशय घेतो? चिडचिड? पूर्वी मारामारी? लहानपणी मार खाल्लाय? गुण वाढले की परत भरती. "घाबरू नका, बहुतेक जण कुणाच्या वाटेला जात नाहीत." मी कुठली घाबरतेय! घरी येऊन पहिलं काम — सुऱ्या कपाटात, कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

४ मार्च
कापडाची कात्रीही लपवली. शिवणकामावर पोट, आणि कात्री अज्ञातवासात! वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात म्हणाले, "जपून गं. अशांचा काही नेम नाही." हेच काका गेल्या महिन्यात गाडी लावण्यावरून एकाची कॉलर धरून उभे होते. त्यांना कुणी तक्ता दिला नाही.

५ मार्च
आईने टोमॅटो चमच्याने कापला. कापला कसला, चिरडला. धाकटा म्हणाला, "आई, आण इकडे, दातांनी करून देतो." मला हसू आलं. मग हसल्याचाच राग आला.

७ मार्च, शनिवार
चार दिवस डोळ्याला डोळा नाही. तो मात्र ढाराढूर! गोळी जिभेखाली लपवत असेल का? "जीभ वर कर," म्हटलं. केली. पुन्हा म्हटलं. पुन्हा केली. आई म्हणाली, "अगं, किती अंगावर जातेस त्याच्या!"

९ मार्च
तक्ता भरला. धाकट्याला एकूण गुण एक — बाबांच्या पट्ट्याचा. तो तर मलाही मिळाला असता. गंमत म्हणून स्वतःचा भरून पाहिला. चार! कागद फाडून टाकला.

१० मार्च
गिऱ्हाईक दारात, झगा अर्धा, आणि कात्री लपवल्या जागी नाही. ट्रंकेत नाही, गादीखाली नाही. धाकट्याला धरलं. "कुठे ठेवलीस?" "मी नाही घेतली, ताई." "खोटं बोलू नकोस!"
हातात लाकडी मोजपट्टी होती. दोनदा मारली. त्याने नुसते हात डोक्यावर घेतले, बाबांसमोर घ्यायचा तसे. दंडावर वळ उठला. माझी मलाच किळस आली.

११ मार्च
कात्री मशीनच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली. रविवारी मीच हलवली होती. रडत रडत धाकट्याला सांगितलं. म्हणाला, "सापडली ना? मग झालं तर."

१३ मार्च, शुक्रवार
तपासणी. बाईंना वळ दिसला. "हा कसला?" मी तोंड उघडणार — खरंच उघडणार होते — तेवढ्यात तो म्हणाला, "मीच मारून घेतलं. पट्टीने."
मी गप्प बसले. त्याला ठेवून घेतलं. वॉर्डाच्या दारातून वळून म्हणाला, "ताई, आता तरी झोप हं."

१४ मार्च
झोपले नाही. सकाळी आई म्हणाली, "आता सुऱ्या काढ बाहेर." आईला सगळं सांगितलं. कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "तो येईपर्यंत तुझ्याकडेच ठेव," म्हटलं. मोजपट्टी पिशवीत घातली आहे. समुपदेशक बाई दहाला वॉर्डात येतात.